आपला चेंडू असताना गप्प

मी त्या टीमच्या ऑफिसात कामाला लागले तेव्हा टीमचं सामानही पुरतं उतरलं नव्हतं. ऑफिस म्हणजे स्टेडियमच्या मागे उभे केलेले दोन कंटेनर. एकात आम्ही, दुसऱ्यात हेल्मेटं, खांद्यांची कवचं आणि घामाचा न जाणारा वास. खोक्यांवर जुन्या शहराचं नाव छापलेलं होतं. टीम व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलची. बर्लिनच्याही पलीकडच्या एका शहरातून मालकांनी ती उचलून आमच्या बाजूला, बॉबलिंगेनजवळ आणली होती, कारण इथे गाड्यांच्या कंपन्या आणि म्हणून प्रायोजक होते. मी मास्टर्स करत होते, विद्यार्थ्यांना मिळते तशी अर्धवेळ नोकरी हवी होती. काम तिकिटांच्या इमेलना उत्तरं देण्याचं होतं, बोलावं फारसं लागणार नव्हतं. मला तेच पाहिजे होतं. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, इथे जर्मन. तिन्ही भाषांत मी कमीच बोलते.

राहायला मावशीकडे होते. मावशीचं आयुष्य इथेच गेलं. तिचा नवरा, माझे काका, जर्मन. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, मोठ्या आवाजाचे. मावशी त्यांना ‘अहो’ म्हणते आणि ते दुसऱ्या खोलीतून ‘या’ म्हणून ओ देतात, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो’. काका गावातल्या नेहमीच्या फुटबॉल क्लबचे ढोलवाले होते. गावात नवी टीम आली म्हटल्यावर तिचं स्वागत करणं त्यांना आपलं कर्तव्यच वाटलं. पहिल्या घरच्या सामन्याला ते सगळं ढोलपथक घेऊन आले आणि शेवटपर्यंत एक क्षण थांबले नाहीत.

तो सामना आम्ही हरलो. पुढचाही हरलो, आणि दोन्ही ढोलामुळे.

या खेळात चेंडू आपल्याकडे असतो तेव्हा आपले खेळाडू एका रांगेत वाकून उभे राहतात. त्यांच्या मागून क्वार्टरबॅक ओरडून खुणेचे शब्द सांगतो. ठरलेल्या शब्दावर सगळ्यांनी एकदम हलायचं. एक जण जरी आधी हलला तरी टीमला पाच यार्ड मागे यावं लागतं. म्हणून घरचे प्रेक्षक आपला चेंडू असताना चिडीचूप बसतात आणि दुसऱ्यांकडे चेंडू गेला की आकाशपाताळ एक करतात. आमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. आमचा क्वार्टरबॅक घसा फोडून ओरडायचा, ढोल त्याच्यावरून जायचे, आमचेच खेळाडू चुकून आधी हलायचे. त्यावर लोकांना वाटायचं, बिचारे खचलेत, आणखी जोर लावला पाहिजे. मोठ्या पडद्यावर आम्ही ‘शांतता’ अशी पाटी दाखवली. लोक हसले, त्यांनी पाटीचे फोटो काढले आणि परत गायला लागले.

दुसऱ्या सामन्यात मी तिला पाहिलं. ढोलांच्या बरोबर मधोमध एक म्हातारी बाई, अंगात टीमची जुन्या शहराच्या रंगाची विटलेली जर्सी. आमचा चेंडू आला की ती उठायची आणि दोन्ही हात, तळवे खाली करून, पुढे धरायची. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. काकांनी एकदा तिला बिअर देऊ केली.

सामन्यानंतर ती कंटेनरच्या दाराशी आली. तिची परतीची गाडी रद्द झाली होती आणि गावातली हॉटेलं कुठल्या तरी प्रदर्शनामुळे भरलेली होती. खेळाडू आत येत-जात होते आणि प्रत्येक जण तिच्यापुढे वाकून ‘ओमा’ म्हणत होता. ओमा म्हणजे आजी. ते एवढे दांडगे लोक तिला मिठी मारताना फार जपून मारत होते. मी मावशीला फोन लावला.

“विचारतेस काय,” मावशी म्हणाली. “घेऊन ये. वरण-भात चालतो का विचार. नाही चालला तरी तोच आहे.”

ओमाला चालला. तिने दुसऱ्यांदा वरण घेतलं, तेव्हा काकांनी तिला ओळखलं.

“तुम्ही त्या हात करणाऱ्या,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही ते ढोल,” ओमा म्हणाली. “तुमच्यामुळे आपण हरतोय.”

“माझ्या ढोलाने आजवर कुणी हरलेलं नाही.”

“अहो, दहा वर्षं तुमचा क्लब खालच्या गटात आहे,” मावशी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ओमाने नियम समजावला तो त्यांना कळला, पण पटला नाही. “आमच्याकडे स्टँड गप्प बसतं ते क्लबच्या मंडळावर चिडल्यावर,” ते म्हणाले. “गप्प बसणं म्हणजे निषेध. नव्याने आलेल्या टीमला पहिल्याच वर्षी आम्ही निषेध दाखवायचा? छे, असं आम्ही नाही करत.”

तेव्हा मला कळलं, पडद्यावरची पाटी का चालली नाही. आम्ही लोकांना त्यांच्या दृष्टीने असभ्य वागायला सांगत होतो.

ओमाने चमचा खाली ठेवला. “निषेध मला शिकवू नका,” ती म्हणाली. मग तिने सांगितलं ते असं. तिच्या शहरात टीमच्या चाहत्यांचं एक टोळकं होतं. दर गुरुवारी एका बिअरखान्यात त्यांचं ठरलेलं टेबल असायचं. तिचा नवरा होता तेव्हा दोघं जायची, तो गेल्यावर ती एकटी जायची. टीम हलली तेव्हा टेबलाने ठराव केला की आता त्या टीमचं नावही काढायचं नाही. जो तिकडे सामन्याला जाईल त्याने टेबलावर येऊ नये. ओमा पहिल्याच सामन्याला आली.

“मग आता?” मावशीने विचारलं.

“आता गुरुवारी मी घरी बसते. ते म्हणाले, हंगाम संपेपर्यंत ठरव. टीम की आम्ही.” ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. “टीम चोरणारे मालक आहेत. खेळणारी पोरं तीच आहेत. आणि टेबलावरची माणसं तर, बाई, माझी तीच आहेत. दुसरी नाहीत.”

काकांनी तिच्या ग्लासात पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमाने काकांना ढोल बैठकीत आणायला लावला. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. “मुली, तू क्वार्टरबॅक. नेहमीच्या आवाजात काहीही पाच शब्द म्हण.” काकांना म्हणाली, “तुम्ही वाजवा, आणि तिने म्हटलेले शब्द मला सांगा.”

मी फळांची नावं म्हटली. काका वाजवत राहिले. त्यांना एकही शब्द ऐकू आला नाही.

“ती तशीही ऐकू येत नाही,” काका म्हणाले.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ओमा म्हणाली. “आता ढोल थांबवा.”

ढोल थांबला. मी परत म्हटलं. पेरू, केळं, सफरचंद, आंबा, द्राक्षं. काकांनी पाचही बरोबर सांगितली, पेरूसकट, तो मी सवयीने मराठीत म्हटला होता तरी. माझा आवाज एवढा स्वच्छ आहे हे मलाही माहीत नव्हतं.

“तुमचा ढोल मला हवाच आहे,” ओमा त्यांना म्हणाली. “त्यांच्याकडे चेंडू गेला की स्टेडियम पाडा. फक्त आपला असताना मला शांतता द्या. तो निषेध नाही, ती मदत आहे.”

काका बराच वेळ ढोलाच्या दोऱ्या ओढत बसले. शेवटी म्हणाले, “मी पथकाला सांगेन. पण खूण तुम्ही करायची. माझ्या सांगण्याने ते गप्प बसणार नाहीत, त्यांना वाटेल मी आजारी आहे.”

तिसऱ्या सामन्याला ओमा कठड्याजवळ उभी राहिली, काका तिच्या पाठीमागे. तिचे हात खाली आले की काका दोन्ही टिपऱ्या काखेत धरायचे, पथक थांबायचं, आणि मग ती शांतता ढोलापासून सुरू होऊन एकेका ओळीने वर चढत जायची. पहिल्यांदा ती आमच्या कंटेनरपर्यंत आली तेव्हा मला वाटलं, काही अपघात झाला. मी बाहेर धावले. मैदानावरून क्वार्टरबॅकचा आवाज स्पष्ट येत होता. त्या दिवशी आमचा एकही खेळाडू आधी हलला नाही. आम्ही जिंकलो.

त्यानंतर ओमा प्रत्येक घरच्या सामन्याला आली. येताना मावशीसाठी तिच्याकडची काळी पावरोटी आणायची, जाताना लोणच्याची बाटली न्यायची. मावशी तिला जाताना दर वेळी विचारायची, “गुरुवारचं काही?” ओमा मान हलवायची. उन्हाळ्यात तिचा वाढदिवस येऊन गेला. टेबलावरच्या कुणाचा फोन आला नाही, हे तिने आम्हाला दोन आठवड्यांनी सांगितलं, तेही काकांनी सहज विचारलं म्हणून. मला तिचं नवल वाटायचं. मला कुणी नको म्हटलं तर मी ती वाटच सोडते. ही बाई जिथे तिला तोडलं होतं त्या बाजूनेच दर वेळी गाडीत बसून येत होती आणि तिकडेच परत जात होती.

शेवटच्या घरच्या सामन्याला पाहुण्यांच्या कोपऱ्यात एक अख्खी बस येऊन बसली. तीसेक माणसं, सगळ्यांच्या अंगात जुन्या शहराच्या जर्स्या, हातात शिट्ट्या. आमच्याकडे चेंडू आला की शिट्ट्या सुरू, दुसऱ्यांकडे गेला की बंद. अगदी बरोबर वेळेला. आमचा एक जण आधी हलला. मग आणखी एक.

ओमाने त्यांच्याकडे पाहिलं. तिचं गुरुवारचं टेबल होतं ते. हात खाली करून स्टँड गप्प केलं, मग हात तसेच सोडून दिले आणि पायऱ्या उतरून माझ्याकडे आली. माझ्या गळ्यात ऑफिसचा पास होता. “मला तिकडे सोड,” ती म्हणाली. मी तिच्यासोबत मैदानाच्या कडेने चालत गेले. रखवालदाराला मीच सांगितलं की या आमच्या आहेत.

पुढच्या ओळीत एक मिशीवाला जाडा माणूस होता. “काय,” तो म्हणाला, “तिकडे बसायला देत नाहीत वाटतं?”

“देतात. पण तिथून तुमच्या शिट्ट्या नीट ऐकू येत नाहीत.”

“आम्ही तुझ्यासाठी आलेलो नाही.”

“दिसतंच आहे. तू तर टीमचं नाव काढणार नव्हतास. आता तिसरी चाल आहे की चौथी, तेही तुला पाठ आहे.”

मागून कुणीतरी हसलं. मिशीवाल्याने मान वळवून बघितलं. एका बाईने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली. ओमा त्या जागेवर बसली. कुणी माफी मागितली नाही, कुणी शिट्टीही खाली ठेवली नाही.

परत आमचा चेंडू आला. मी समोरच्या स्टँडकडे बघितलं. कठड्याजवळची तिची जागा रिकामी होती, हात करणारं कुणी नव्हतं. काकांनी एकदा त्या जागेकडे पाहिलं आणि टिपऱ्या काखेत धरल्या. शांतता ओळीओळीने वर गेली. एवढ्या मोठ्या शांततेत या कोपऱ्यातल्या शिट्ट्या फार किरकोळ वाटायला लागल्या, वाजवणाऱ्यांनाही वाटल्या असाव्यात. त्यांच्यावरून क्वार्टरबॅकचा आवाज इथपर्यंत आला. चेंडू निघाला, आमचा धावणारा गडी एकाला चुकवून, दुसऱ्याला चुकवून पार शेवटच्या रेषेपलीकडे गेला. मिशीवाला उठून उभा राहिला होता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने एक शिवी दिली आणि बसला.

“मी शिकवलंय त्यांना,” ओमा त्याला म्हणाली.

“कळलं,” तो म्हणाला. “आमचंच शिकवलंयस.”

“मग दुसरं कुठलं शिकवू?”

दुसऱ्यांकडे चेंडू गेला तेव्हा समोरून ढोल सुरू झाले. ओमाने त्याच्यापुढे हात केला. त्याने आपली शिट्टी तिच्या हातावर ठेवली. तिने ती जर्सीच्या बाहीला पुसली आणि जोरात वाजवली.

सामना आम्ही थोडक्यात हरलो. त्या संध्याकाळी ओमा त्यांच्याच बसने परत गेली. मावशीने तिचं अंथरूण घालून ठेवलं होतं. बसच्या दाराशी मी तिला विचारलं, तिने काही सांगायच्या आधी मी आपण होऊन विचारलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

“टेबलावर जागा दिली त्यांनी?”

“जागा होतीच,” ती म्हणाली. “माझ्या खुर्चीवर सगळे कोट टाकायचे म्हणे, म्हणजे दुसरं कुणी बसायला नको.” मग ती पायरी चढली आणि आत कुणाला तरी म्हणाली, पुढच्या हंगामात बस भरली नाही तर भाडं फार पडेल, तेव्हा आत्ताच नावं सांगा. मिशीवाला म्हणाला, त्याने अजून माफ केलेलं नाही. ओमा म्हणाली, माफ नाही केलंस तरी चालेल, बसमध्ये नाव दे.