रखमाचं ऊन

लालबागच्या त्या चाळीत गच्ची सगळ्यांची, पण ऊन रखमाचं, हे ब्याऐंशीच्या संपापासून ठरूनच गेलेलं. नवरा कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता. संप चिघळला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि घरात चूल पेटायची पंचाईत झाली. तेव्हा रखमानं गच्चीवर जुनी लुगडी अंथरली, त्यावर मिरच्या वाळवल्या आणि मालवणी मसाला विकायला लागली. दोन पोरी त्या मसाल्यावर उजवल्या. कुशाबा मात्र जो गप्प झाला तो झालाच. मशीनचा विषय निघाला की उठून जायचा.

आणि म्हातारपणी हे नवंच लफडं! राज्य सरकारनं हवामान बदलाचं धोरण काढलं. चाळींच्या गच्च्यांवर सौरऊर्जा. चाळीचा सेक्रेटरी गंगाधर असा हरखला की अख्खी गच्ची काळ्या काचांनी भरून मोकळा. रखमाला उरली कठड्यालगतची वीतभर जागा. मग बाईनं काय करावं? काचा तापतात चांगल्या, म्हणून मिरच्या सरळ काचांवरच पसरल्या! नेमक्या त्याच दिवशी सरकारी इंजिनियर बाई तपासणीला आल्या. वीज काही तयार होईना. वर जाऊन बघतात तर काय, सगळं लालभडक. गंगाधर तणतणला, उद्यापासून गच्चीला कुलूप म्हणाला. कुलूप लागलं की रखमाचा धंदा बसला.

पण तिनं पदर खोचला आणि बाईंनाच विचारलं, ही वीज जाणार कुठं? समाईक वापराला, बाई म्हणाल्या. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे.

"मग आम्ही बायका मिळून मसाला कुटायचा विजेवरचा डंका घेतो, तोही समाईकच धरा," रखमा म्हणाली. "अर्ध्या काचा टाकीवर नि जिन्याच्या माथ्यावर चढवा, म्हणजे मिरच्यांना जागा होईल. ऊन देते मी, पण फुकट नाही देणार."

धोरणात बसतं, बाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं तसा शेरा मारला. गंगाधरनं कुलूप मुकाट खिशात घातलं!

शिमगा झाल्यावर तळमजल्यावर डंका बसला. बटण रखमानं दाबलं. मुसळं धाडधाड नाचू लागली, मिरच्यांच्या खकाण्यानं अख्खी चाळ शिंकायला लागली, आणि शिंकता शिंकता बायकांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात आवाज ऐकून कुशाबा जिना उतरला. त्यानं चालत्या मशीनवर हात ठेवला, पूर्वी साच्यावर ठेवायचा तसा.

"रखमा, ह्या खेपेक मशीन आपली आसा," तो म्हणाला, आणि मिरच्यांची पाटी पुढं ओढून बसला.