प्लॅस्टरमधली भिंगरी

माहेरी तिला भिंगरी म्हणत. एका जागी दोन घटका बसेल तर शपथ. सासरी आली तेव्हा सासूबाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि मग त्यांनीही तेच नाव उचललं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांना समोर बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, हे त्याचं काम. अशा माणसाच्या गळ्यात अशी बायको पडावी, यालाच बहुधा संसार म्हणतात.

भिंगरी एका वर्तमानपत्रात दर रविवारी सदर लिहायची. कधी नव्या गाण्यांवर, कधी फोननं माणसांचं काय करून टाकलंय त्यावर, कधी एखाद्या प्रवासावर. लिहिण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी. टेबलाशी बसून तिला एक ओळ सुचत नसे. ती बसमध्ये बसायची, मागच्या चाकावरच्या सीटवर, जिथं सगळ्यांत जास्त हादरे बसतात. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, त्याच बसनं परत यायचं आणि जाता-येता फोनवर अंगठ्यानं लिहायचं. ड्रायव्हर लोक तिला ओळखत. "बाई, आज लेख लांबला वाटतं!" असं म्हणून फेरी संपल्यावरही तिला बसू देत.

आणि असं गाव पालथं घालणारी बाई पडली कुठून, तर घरातल्या स्टुलावरून. पडदे धुवायला काढत होती. घोटा मोडला. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, "हे निघेपर्यंत इमारतीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"एकच पाय मोडलाय, दुसरा आहे की," भिंगरी म्हणाली.

"तोही मोडायचा नसेल तर गुमान पडून राहा," सासूबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी संपादकाचा फोन आला. वयानं तिच्याहून लहान, बोलणं लोण्यासारखं. "ताई, तुम्ही मुळीच काळजी करू नका. तुमचे जुने लेख आम्ही मशीनला, म्हणजे एआयला, वाचायला दिलेत. या रविवारचं सदर ते लिहील. नाव तुमचंच. चालेल ना?"

गोळ्यांची गुंगी होती. ती "बरं बरं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

रविवारी सासूबाईंनी चष्मा लावून लेख मोठ्यानं वाचला. एरवी लेखाबद्दल त्या भिंगरीला उभ्याउभ्याच दोन शब्द सांगत. आज पलंगाच्या कडेवर बसल्या. "छान झालाय गं. दुखण्यातसुद्धा लिहिलंस! ते म्हाताऱ्याच्या रेडिओचं वाचून तर मला भरूनच आलं."

भिंगरीनं खरं सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाई पदरानं डोळे टिपत होत्या. सासूबाई आत गेल्यावर तिनं पेपर ओढून घेतला. एक छोटं स्टेशन, जिथं ती जन्मात उतरली नव्हती. बाकावर एक म्हातारा, त्याच्या रेडिओवर जुनं गाणं. शेवटी एक वाक्य: 'प्रवास संपतो, पण वाट संपत नाही.' चूक सापडावी म्हणून तिनं तो दोनदा वाचला. चूक नव्हती. उलट असलंच वाक्य तिनंही लिहिलं असतं. लिहिलंच होतं, शब्द इकडचे तिकडे करून, कितीदा तरी. दुसऱ्यानं आपली नक्कल केली की राग येतो. पण नक्कल बघताना आपलीच जुनी सवय उघडी पडली, तर रागवायचं कुणावर?

सोमवारी पुन्हा फोन. "ताई, पत्रं छान आली हो. वरची मंडळी म्हणतायत, दगदग कशाला? यापुढं असंच चालू ठेवलं तर?"

"शुक्रवारी माझा लेख येईल," भिंगरी म्हणाली.

"आला तर उत्तमच. नाहीतर ते आहेच."

त्या 'आहेच'नं तिची झोप उडवली. मंगळवारचा सगळा दिवस तिनं पलंगावर उशा रचून काढला. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि भिंतीवर एक पाइप. पाइपवर काय लिहिणार? बुधवारी नवरा जेवायला घरी आला तर ही न्हाणीघरात वॉशिंग मशीनला पाठ टेकून खुर्चीवर बसलेली, प्लॅस्टरचा पाय बादलीवर, हातात फोन.

"हे काय नवीन?"

"मशीनचे हादरे चांगले बसतात. गप्प बस, सुचतंय."

चार ओळी झाल्या, तोवर कपडे पिळून झाले आणि मशीन थांबलं. ओळीही थांबल्या. तिनं त्या खोडून टाकल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून घर्रर्र आवाज वर सरकत गेला. लिफ्ट. इतकी वर्षं कपडे वाळत घालताना ती तो आवाज ऐकत होती.

"तुझ्या दुकानात ती चाकांची खुर्ची आहे ना?"

नवऱ्याला सगळं कळलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, डॉक्टर काय म्हणाले?"

"इमारतीच्या बाहेर जायचं नाही म्हणाले. लिफ्ट काय इमारतीच्या बाहेर लटकते?"

गुरुवारी सकाळी दुकान उघडण्याआधी त्यानं तिला खुर्चीसकट लिफ्टच्या कोपऱ्यात बसवलं, पायाखाली तेच ते स्टूल दिलं आणि म्हणाला, "दमलीस की फोन कर. आणि लोकांना त्रास देऊ नकोस."

लोकांनीच तिला पिडलं. "काय, तिकीट कुठपर्यंतचं?" "खाली कँटीन आहे का या गाडीला?" तळमजल्यावरचा रखवालदार तर दर फेरीला डोकावून विचारायचा, "बाई, अजून पोचला नाहीत?" भिंगरी हसायची आणि बघत राहायची. वर, खाली, वर. घराघरातला वास पायांबरोबर आत यायचा: साबण, कांदा, ओलं कुत्रं. दोन मजल्यांच्या मधे फोनची रेंज जायची, तशी सगळ्यांची मान वर यायची. एवढा वेळ खोल पाण्यात असल्यासारखी माणसं श्वास घेत आणि एकमेकांना दिसत. मग रेंज यायची, माना पुन्हा खाली.

दुपारी एक कॉलेजातली मुलगी आत आली, कानात वायरी. मागोमाग वरच्या मजल्यावरचे व्हायोलिनचे मास्तर. पूर्वी त्यांच्या दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग असायचा. आता पोरं फोनवरच शिकतात. लिफ्ट निघाली आणि मधेच मुलीचं गाणं तुटलं.

"श्शी," ती म्हणाली.

मास्तर तिच्या कानांतून बाहेर झिरपणारं गाणं ऐकत होते; त्यांनी तुटलेल्या जागेपासून पुढची ओळ गुणगुणली. अगदी हळू.

मुलगी वळली. "आजोबा, तुम्हाला हे गाणं माहितीये?"

"त्यात मागं व्हायोलिनं वाजतात ना? त्यातलं एक माझं आहे."

"हॅ! काहीही काय!"

मास्तरांचा मजला आला, ते उतरले. दार मिटू लागलं तरी मुलगी त्यांच्या पाठीकडं बघत होती. मिटत्या दाराच्या फटीत तिनं हात घातला आणि दार धरून ठेवलं. मग काढून घेतला. लिफ्ट वर गेली. भिंगरीचा अंगठा फोनवर धावत होता.

तिनं शेवटच्या वाक्यावर बराच वेळ काढला. 'सूर तुटतो, पण' इथवर लिहिलं. स्वतःशीच चुकचुकली आणि खोडलं. मुलीनं हात काढून घेतला, तिथंच लेख सोडला आणि तसाच पाठवला.

संपादकाचं उत्तर आलं. "ताई, शेवट राहिलाय का?"

"नाही."

रविवारी लेख छापून आला. सासूबाईंनी तो बसून वाचला, मोठ्यानं नाही. वाचून झाल्यावर पेपराची घडी घातली आणि सुनेकडं चष्म्यावरून पाहिलं.

"हा तुझा वाटत नाही बाई."

"का?"

"शेवटी शहाणपणाचं काही नाही. तू नेहमी काहीतरी शिकवतेस. मला मागचा जास्त आवडला."

भिंगरीनं सांगून टाकलं, "मागचा मी लिहिलाच नव्हता, आई. मशीननं लिहिला होता."

सासूबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी मशीनसाठी रडले?" आणि खुदकन हसल्या. उठून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, दारातून परत आल्या.

"पण ती मुलगी गेली का गं मास्तरांकडं?"

"मला काय ठाऊक!"

"ठाऊक नाही म्हणजे? बसलीस काय अशी? तुझी ती खुर्ची कुठंय?"