लाल गोलातला तरुण

आजची तरुण पिढी वाया गेली आहे, हे मत बनवायला मला काडीचेही कष्ट पडले नाहीत. मी जेवताना टीव्ही लावायचो, तेवढ्यावर भागलं. भाजी वाढेपर्यंत कुणीतरी तरुण धावत्या दुचाकीवर उभा राहिलेला असायचा, आमटीच्या वेळी धबधब्यावर बाटल्या फुटायच्या आणि ताकाला चार तज्ज्ञ 'तरुणाई कुठे चालली?' म्हणत एकमेकांच्या अंगावर जायचे. आमच्या घरातली तरुणाई, म्हणजे मुलगी मुक्ता, त्या वेळी आतल्या खोलीत अभ्यास करत असायची. पण ती टीव्हीवर दिसत नसल्यामुळे मी तिला जमेस धरत नव्हतो.

गेल्या जुलैत मुक्तानं जाहीर केलं, की कॉलेजातल्या सात जणांना घेऊन ती शनिवार-रविवार दादांकडे भातलावणीला चालली आहे. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. पवनानगरच्या अलीकडे त्यांची भाताची खाचरं आहेत आणि लावणीला माणसं मिळेनाशी झाल्यापासून दर पावसाळ्यात ते हवालदिल असतात. मी म्हटलं, "शनिवार-रविवार, धरणाजवळ, आठ जण, आणि भात लावायला? बातम्यांतले सगळे घरी असंच काहीतरी सांगून निघालेले असतात." बायको म्हणाली, एवढा संशय असेल तर तुम्हीही जा. गेलो. छत्री घेतली आणि (आता सांगायला लाज वाटते) शाळेतली पी.टी.ची शिट्टीही घेतली.

मुलं सकाळी सातला खाचरात उतरली. त्यांत ओंकार नावाचा एक होता. एका कानात बाळी, केस अर्धे तांबडे. टीव्हीच्या हिशेबानं हा म्हणजे अख्खी बातमीच. मी बांधावर छत्री धरून त्याच्यावर नजर ठेवून उभा राहिलो. तो ओणवा होऊन रोपं लावत होता. तासाभरानंही तो रोपंच लावत होता. माझी घोर निराशा झाली.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एक गाडी थांबली आणि हातात माइक घेतलेला एक बातमीदार उतरला. कुठल्याशा वाहिनीचा होता. धरणावर धिंगाणा घालणाऱ्या पर्यटकांच्या शोधात निघाला होता, पण पावसामुळे पर्यटकच आले नव्हते. मी शिक्षक आहे म्हटल्यावर त्यानं माइक माझ्या तोंडापुढे धरला. तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसापुढे कुणी आपण होऊन असं काही धरत नाही. मी सुटलोच! आजच्या मुलांना श्रम नकोत, चिखलात हात घालायला नको, नुसती मौजमजा आणि व्यसनं. अहो, यांना धड एक वर्तुळ काढता येत नाही! "अशांना धरा आणि घरच्यांच्या ताब्यात द्या," असा मी समारोप केला. माझ्या पाठीमागे आठही जण गुडघाभर चिखलात होते. बातमीदारानं मला जरा बाजूला सरकवून मागे डोंगर घेतला.

मुलाखतीनं मला चांगलंच स्फुरण चढलं. पोरांना खरी लावणी दाखवावी म्हणून मीही उतरायचं ठरवलं. वहिनींनी पुतण्याचे कपडे दिले. काळी अर्धी चड्डी आणि पाठीवर कवटी छापलेलं टोपीचं जर्किन. टोपी डोक्यावर ओढून मी खाचरात पहिलं पाऊल टाकलं. ते गेलं ते गेलंच. दुसरं त्याला शोधायला गेलं. मी आधी पाठीवर पडलो, उठलो, मग पोटावर पडलो. शेवटी ओंकारनं आणि दुसऱ्या एकानं मला बगलांत हात घालून उचललं आणि बांधाकडे ओढत नेलं. मी सारखा ओरडत होतो, "सोडा मला, मी नीट चालतोय, मला काही झालेलं नाही." वर रस्त्यावर ती गाडी अजून उभी होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

चार वाजता आम्ही वहिनींच्या ओसरीवर चहा पीत होतो. आत टीव्हीवर लाल अक्षरं आली. 'पवना परिसरात तरुणाईचा चिखलात धिंगाणा!' पडद्यावर दोघांच्या हातांत कवटीचं जर्किन लटपटत होतं. चेहरे पुसट केले होते आणि जर्किनभोवती लाल गोल, त्याला बाण. निवेदिका सांगत होती, की या तरुणाला आपल्या पायांवर उभंही राहता येत नाही. पाठोपाठ स्वच्छ चेहऱ्यानं छत्रीसकट मी, "अशांना धरा आणि घरच्यांच्या ताब्यात द्या!" दादांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. माझ्या घरचे म्हणजे तेच.

मग फोन सुरू झाले. मुलांच्या घरच्यांनी बाळी ओळखली, तांबडे केस ओळखले. आत्ताच्या आत्ता घरी या. ओंकारचे वडील तर चिंचवडहून गाडी काढून निघालेही. निम्मी खाचरं अजून मोकळी होती आणि उद्यासाठी उपटलेल्या रोपांच्या जुड्या पडवीत पडल्या होत्या. पोरं गेली असती तर त्या तिथंच वाळल्या असत्या. दादा उठले आणि म्हणाले, "जाऊ द्या पोरांस्नी. भात ऱ्हायलं तर ऱ्हायलं. लय राबली बिचारी, त्यांच्या नावाला बट्टा नगं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादांचा वर्षाचा तांदूळ माझ्या भाषणात बुडत होता. मुक्तानं फोनवर ओंकारची आई लावून दिली आणि फोन माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "नमस्कार. तो गोलातला मुलगा मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"छत्रीवाला."

"अहो, छत्रीवाले गृहस्थ तर त्याला धरा म्हणत होते."

"हो. तोही मीच."

त्यांचा विश्वास बसेना. मी पोरांना पाठीशी घालतोय, असं त्यांना वाटलं. (आयुष्यात प्रथमच हा आरोप!) शेवटी व्हिडिओ कॉल लावून मला जर्किन चढवावं लागलं, टोपी ओढावी लागली आणि अंगणातल्या चिखलात चार पावलं चालून दाखवावी लागली. तिसऱ्या पावलाला खात्री पटली. हसून हसून त्यांनी विचारलं, "पण तुमच्याबरोबर लक्ष ठेवायला कुणी जबाबदार माणूस नव्हतं का?"

मुक्ता मागून म्हणाली, "आम्ही आठ जण होतो ना, काकू."

ओंकारचे वडील अर्ध्या वाटेतून परतले नाहीत, तसेच आले आणि रविवारी त्यांनीही पँट दुमडली. संध्याकाळपर्यंत सगळी खाचरं हिरवी झाली. मी बांधावरून जुड्या फेकायचं काम केलं; चिखलात उतरायला मला मुलांनी एकमतानं बंदी घातली होती.

वाहिनीला मी फोन केला. बातमीदारानं नम्रपणे ऐकून घेतलं आणि तरुणाचं वय विचारलं. मी सत्तावन्न सांगितलं. तो म्हणाला, "सर, मग त्यात बातमी काय राहिली?"

सोमवारी नववीच्या वर्गात गेलो. व्हिडिओ कॉलची हकीगत माझ्याआधी वर्गात पोचली होती. फळ्यावर लाल खडूनं एक मोठा गोल काढला होता आणि त्यातून निघालेला बाण माझ्या खुर्चीकडे रोखलेला होता. मी कंपास लावून तपासलं. तीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं बिनचूक वर्तुळ कुणी काढलं नव्हतं. मी दहापैकी दहा गुण दिले आणि निमूटपणे बाणाच्या टोकाशी जाऊन बसलो.