चाचांनी आवळलेला ढोल

जगातली प्रत्येक वस्तू आधी ठोकून पाहावी आणि मगच तिच्यावर विश्वास टाकावा, असं मानणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या शेजारच्या चाचांचं घुग्घुसच्या बाजारात ढोलक-डफांना चामडं चढवायचं दुकान होतं. पण त्यांची बोटं दुकानापुरती थांबत नसत. भोपळा, दार, बँकेतलं टेबल, सगळ्यांवर टिचकी पडायची. माझ्या वडिलांच्या तेराव्याला आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले आणि निघताना पाण्याच्या माठावर टिचकी मारून हळूच म्हणाले, "घरात सांगा, याले तडा गेला हाय." दुसऱ्या दिवशी माठ फुटला.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. खाणीच्या वसाहतीतल्या मैदानावर फुकट कार्यक्रम ठरला. नागपूरची हिप-हॉपवाली मुलं आणि आफ्रिकेहून आलेले ढोलवादक. "मास्तर, तिकडचं चामडं पाहाचं हाय मले," म्हणत चाचांनी चार दिवस माझा पिच्छा पुरवला आणि दुपारी तीनलाच मला पहिल्या रांगेतल्या सतरंजीवर नेऊन बसवलं. पाचला डोक्याला रुमाल बांधलेली तीन मुलं हिंदीत भराभर, श्वाससुद्धा न घेता गाऊ लागली. मागच्या बायांनी कानांवर पदर ओढले. चाचा माझ्याकडे वळले. "भोंगा खराब हाय का? पोरं काय म्हणून राह्यले, काईच समजत नाई."

मला आधी हसू आलं. मग दिसलं, की ते माझ्या ओठांकडे पाहताहेत. "कधीपासून, चाचा?"

"तीन साल झाले. कोणाले सांगू नका. बहिऱ्याकडे ढोलक कोण देईन?"

मग उभट ढोल मांड्यांत धरून आफ्रिकी वादक आले. चाचा टक लावून त्यांचे हात पाहत होते. "तो दुसरा पाहा. जोर जास्त लावून राह्यला. चामडं ढिलं हाय." मध्ये थोडी विश्रांती झाली तसे ते सरळ मंचावर चढले. संयोजक धावले, पण चाचांनी त्या ढोलावर एक टिचकी मारली आणि वादकाने संयोजकांना हातानेच थांबवलं. चाचांनी ढोल आडवा केला, पाय रोवला आणि एकेक दोरी आवळत आणली. वादकाने एक थाप मारली, डोळे मिटले, आणि मग छातीवर हात ठेवून चाचांपुढे वाकला. चाचा फक्त त्याचा चेहरा पाहत होते.

परतताना रस्त्यात थांबून त्यांनी विचारलं, "कसा वाजला, मास्तर?"

"चांगला," मी म्हणालो.

आणखी काही येईल म्हणून ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. "बस?"

"खूप चांगला."

"हां. चला," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

चाचांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी जन्मभर मुलांना निबंध शिकवले. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. त्या थापेसरशी आमच्या मागे केव्हाचं रडत असलेलं एक तान्हं मूल एकदम गप्प झालं होतं. तेवढं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं.