पंपाचं पान

बाबांच्या गाडीचं डावीकडचं दार आतून उघडत नसे. आतली मूठ कधीच तुटली होती, आणि काचही अर्ध्यावर अडकून बसली होती; त्या फटीतून बाहेरच्या मुठीपर्यंत हात पोचत नसे. मला उतरायचं असलं की बाबांनी आधी त्यांच्या बाजूने उतरायचं, गाडीला वळसा घालून यायचं आणि बाहेरून दार उघडायचं. त्या उन्हाळ्यात मी त्या सीटवर पुष्कळ तास काढले. मांडीवर गाडीचं पुस्तक असायचं.

गाडी विलायती, माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठी. बाबा फॅक्टरीत फिटर होते. तिथल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी ती बाबांना देऊन टाकली, आणि निवृत्त झाल्यावर भंडाऱ्याजवळ शहापूरच्या आमच्या घरासमोर, पत्र्याच्या शेडखाली, बाबांनी तिचं काम काढलं. सोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. बाबा मराठी शाळेतून आयटीआयला गेलेले. मला मात्र त्यांनी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी वाचायला कंटाळले की ते म्हणायचे, "मंग तुले इंग्रजी काहून शिकवली?"

माझ्या फोनमध्ये पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच बाबा म्हणाले, "गाडी नाकाडोंगरीले जाऊन येऊ दे. मंग पाहू."

नाकाडोंगरीला आत्या राहते. तिच्या दारात गाडी उभी करीन, असं बाबांनी तिला फोनवर सांगून ठेवलं होतं. दोनदा निघालो. दोन्ही वेळा वरठीच्या पुढे गाडी बंद पडली आणि ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणावी लागली.

बाबांचा सगळा राग पेट्रोलच्या पंपावर होता. तो विजेवर चालायचा. दोन मुठींएवढा, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेला, म्हणजे जवळजवळ माझ्या गुडघ्यांसमोरच. किल्ली फिरवली की टकटक सुरू व्हायची, कार्बोरेटर भरला की गप्प. आधी तो बंदच होता. मी ऑनलाइन सामान मागवलं आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो नव्यासारखा केला. त्यानंतरही दोनदा खोलला. आतला रबरी पडदा, पॉइंट, वॉशर, सगळं नवं. अंगणात गाडी तासभर चालायची. रस्त्यावर वीसेक किलोमीटर झाले की मरायची, आणि अर्धा तास उभी राहिली की पुन्हा सुरू व्हायची, पण थोडं जाऊन परत मरायची.

पुस्तकातलं पंपाचं पान माझं पाठ झालं होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी एक वाक्य वाचून मराठीत सांगायला लागायची आणि ते संपायच्या आत बाबा म्हणायचे, "बस बस. पुढचं मले मालूम हाय." मीही तिथेच थांबायची. मला थांबायची सवयच होती.

तिसऱ्यांदा निघालो तो रविवार होता. सकाळी बाबांनी गाडी पुसली. मागच्या बाजूला टाकीच्या झाकणाजवळ दोनदा फडकं फिरवलं. नवा मलई रंग दिल्यावर खड्ड्यात गाडी आदळली की झाकणातून पेट्रोल उडायचं आणि डाग पडायचा, म्हणून बाबांनी झाकणात सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला होता. तो गोल मीच कात्रीने कापून दिला होता. तेव्हापासून डाग नव्हते.

वरठी गेलं. मी रस्ता बघत नव्हते, पंप ऐकत होते. टकटक आधी बरी होती. मग दोन ठोक्यांतलं अंतर वाढत गेलं. प्रत्येक ठोका जड, ओढून काढल्यासारखा. मोहाडीच्या अलीकडे इंजिन खोकललं आणि आम्ही बाजूला घरंगळलो.

बाबा उतरले, बॉनेट वर केलं. माझं दार उघडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. समोर फक्त बॉनेटचा पत्रा होता, आणि काचेच्या उघड्या अर्ध्या भागातून ऊन थेट माझ्या हातावर येत होतं. दोन मोटरसायकली थांबल्या. एकीच्या मागे माशांची टोपली होती. टोपलीवाल्याने वाकून आधी मला पाहिलं, मग गाडी.

"काका, हे गाडी हाय का नवरदेवाची घोडी? थांबून थांबून चालून राहिली."

"पंप गरम होते," बाबा म्हणाले.

"ह्याच्याहून आमचा मासे धराचा डोंगा बरा. त्याले पेट्रोलच नाही लागत." दुसरा हसून म्हणाला, "पोरगी उकडून जाईन ना काका आतमधी."

मी पुस्तकात मान घातली.

"बेटा, पान काढ," बाबा पत्र्याआडून म्हणाले. "गरम होते ते वाच."

"पंप हळू चालत असेल आणि तापत असेल, तर टाकीतून पेट्रोल ओढण्याच्या बाजूला अडथळा आहे. आधी गाळणी..."

"गाळणी सकाळीच साफ केली. बस. पुढचं मले मालूम हाय. पाण्याची बाटली दे."

मी बाटली काचेवरून बाहेर दिली. ते फडकं ओलं करून पंपावर ठेवू लागले. अर्धा तास थांबायचं, मग कदाचित ट्रॅक्टर, मग उद्या पुन्हा जेवणाच्या टेबलावर पंप. उद्या सोमवार होता.

मी पुढची ओळ वाचली. पान तिथे संपत होतं. गाळणी साफ असेल तर टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र पाहा, एवढंच लिहिलं होतं.

मी बाबांना हाक मारली नाही. पुस्तक सीटवर ठेवलं, ओढणी कमरेला गुंडाळली आणि गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून त्यांच्या सीटवर गेले. गुडघा हॉर्नला लागला. तिघांनीही वर पाहिलं. मी उतरून मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीने आत हवा ओढली. बराच वेळ ओढत होती. किल्ली चालूच राहिली होती. पुढे ओल्या फडक्याखाली पंप एकदम टकटकायला लागला, भरभर, आणि मग गप्प झाला.

बाबा मागे आले. माझ्या हातातून झाकण घेऊन त्यांनी छिद्र बुजवून बसलेल्या ट्यूबच्या तुकड्यावर अंगठा फिरवला.

"हे पुस्तकात हाय?"

"त्याच पानावर. शेवटची ओळ."

"मंग आधी काहून नाही सांगितली?"

"तुम्ही पूर्ण कधी ऐकता?"

टोपलीवाला दुसरीकडे बघू लागला. बाबांनी स्क्रूड्रायव्हरने तुकडा उचकटून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. माझं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

तुमसरच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. बाबांनी इंजिन बंद केलं.

"पुण्याचं पत्र वाचायचं आहे," मी म्हणाले.

त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मी फोन काढून आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. पगार, जागा, किती तारखेला हजर व्हायचं. मधे मालगाडी गेली तेव्हा मी थांबले, ती गेल्यावर पुन्हा सुरुवात केली. फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजायला लागले. बाबांनी किल्लीला हात लावला नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून एक ओळ आहे. उद्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे. आत्याकडे पोचलो की मी हो म्हणून पाठवते."

"तिथं कोण हाय आपलं?"

"कोणी नाही."

मागचा ट्रकवाला काहीतरी ओरडला. बाबांनी किल्ली फिरवली. पंप चारदा टकटकला. फाटक ओलांडून बरंच पुढे, जंगल सुरू झाल्यावर ते म्हणाले, "जायच्या आधी ब्रेकची पानं वाचून देजो."

मी पुस्तक उघडून मोजली. ब्रेकची अकरा पानं होती.