मास्तरांच्या टेबलावरची पुस्तकं

वर्गात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, ओठांवर जेमतेम मिशा फुटलेल्या पोरांमध्ये, कानशिलं पांढरी झालेला हा एकच विद्यार्थी. पूर्वी ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि ती सवय अंगातून गेली नव्हती. कुणी फळ्यावर वाकडी रेघ ओढली की त्यांचा हात शिवशिवायचा.

या वाटेला ते लागले ते धाकट्या बहिणीमुळे. ती मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसली तेव्हा तिला भौतिकशास्त्र त्यांनीच शिकवलं, आणि ती गणितं सोडवायची तेवढ्या वेळात शेजारी बसून तिचं जीवशास्त्राचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. धाकटी डॉक्टर झाली. मास्तरांच्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. आईवडिलांचं आजारपण झालं, दोघं एकामागोमाग गेले, घर शांत झालं, आणि चाळिशी समोर दिसत असताना मास्तरांनी स्वतः ती परीक्षा दिली. नातेवाइकांनी कपाळाला हात लावले. बायको तेवढी म्हणाली, "व्हा एकदाचे डॉक्टर. माझ्या खोकल्यावर तुमचं मत जन्मभर ऐकायचंच आहे, तर निदान पदवीसकट ऐकेन."

पहिली वर्षं बरी गेली. तिथे वाचन लागतं, आणि वाचनात मास्तर कुणाला हार जाणारे नव्हते. घोडं अडलं ते वॉर्डची पोस्टिंग सुरू झाल्यावर. सकाळपासून रुग्ण बघायचे, दुपारी बाह्यरुग्ण विभागात उभं राहायचं, प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटी एक परीक्षा, आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांची सासू, म्हणजे परवान्याची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय रुग्णाला स्वतःच्या सहीने साधी तापाची गोळीही लिहून देता येत नाही.

या परीक्षेसाठी काय वाचायचं, यावर वर्गात पंथच पडले होते. एक पंथ जाड दोनखंडी ग्रंथाचा. एक पंथ बारक्या पुस्तकाचा. त्यांचं म्हणणं, यात नाही ते परीक्षेत नाही. काही जण दिवसरात्र व्हिडिओ बघायचे. काही जण मोबाइलवर प्रश्नसंच सोडवायचे, अगदी जिन्यावरून उतरतानासुद्धा. आदल्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलीच्या नोट्सच्या झेरॉक्स तर देवाच्या अंगाऱ्यासारख्या वाटल्या जात. प्रत्येकाला वाटे, आपलाच गुरू खरा, बाकीचे भोंदू.

मास्तरांनी सगळ्यांचीच दीक्षा घेतली. दोनखंडी ग्रंथ आणला, बारकं पुस्तक आणलं, तीन वेगवेगळ्या सरांचे व्हिडिओ लावले, दोन प्रश्नसंच घेतले, झेरॉक्स मिळवल्या, सीनियर मुलांनी बनवलेली पाठांतराची कार्डं आणली. घरातलं जेवणाचं टेबल गिळलं गेलं. बायको ताट हातात घेऊन उभी राहायची आणि विचारायची, "अहो, जेवायला जागा या आवृत्तीत मिळणार, की पुढच्या?"

मास्तर हसायचे आणि एक खंड खुर्चीवर सरकवायचे. एकच विषय ते चार ठिकाणी वाचत. निवडायचं कसं, हेच त्यांना कळत नव्हतं. शाळेत त्यांनी कधी धडा गाळला नव्हता. "परीक्षेला येणार नाही" असं म्हणून पान उलटणारा शिक्षक म्हणजे त्यांच्या दृष्टीने चोरच. मग आता स्वतः ते कसं करणार?

मेडिसिनच्या पोस्टिंगला लागले आणि नशिबाने धाकटीच त्या वॉर्डची रजिस्ट्रार, म्हणजे विद्यार्थ्यांवर देखरेख करणारी डॉक्टर, निघाली. दोघांनी आधीच ठरवून टाकलं, वॉर्डात नातं नाही. ती त्यांना इतर विद्यार्थ्यांसारखं "तुम्ही" म्हणे, ते तिला "मॅडम" म्हणत. पहिले काही दिवस मास्तरांना "मॅडम" म्हणताना ठसका लागायचा, आणि धाकटी फाइलमध्ये तोंड लपवायची.

मास्तरांकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई दिल्या होत्या. हृदय दमलेलं, पायांवर सूज, दोन पावलं टाकली की धाप. पाणी उतरवणारी इंजेक्शनं चालू होती. मास्तरांनी आदल्या संध्याकाळी पायांच्या सुजेवर ग्रंथ, बारकं पुस्तक, झेरॉक्स आणि एक व्हिडिओ असा समाचार घेतला होता. सकाळी मोठे सर राउंडला आले. हे मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. आवाज कधी चढायचा नाही, म्हणूनच सगळे घाबरायचे.

"बोला," सर म्हणाले.

मास्तर बोलले. सुजेची कारणं, त्यांचं वर्गीकरण, त्या वर्गीकरणातले मतभेद. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कालपेक्षा यांचं वजन किती उतरलं?"

वजनाचा तक्ता खाटेच्या पायथ्याशीच लटकत होता. मास्तरांनी तो पाहिला नव्हता.

"रात्री झोपल्या का? आडवं होता आलं?"

तेही विचारलं नव्हतं. उत्तर खाटेवरूनच आलं. "आज जरा पडता आलं हो, डॉक्टर," बाई म्हणाल्या, मास्तरांची बाजू सावरायला.

सर एवढंच म्हणाले, "सूज पुस्तकात नाही, इथे आहे," आणि पुढच्या खाटेकडे वळले. धाकटीने मास्तरांकडे पाहिलं नाही. ते न पाहणंच जास्त लागलं.

राउंड संपल्यावर, औषधांच्या खोलीबाहेर, तिने ठरलेला नियम मोडला. "दादा, तू काल संध्याकाळी कुठे होतास?"

"अभ्यास करत होतो."

"कशाचा?"

"तुम्ही... म्हणजे तू... मॅडम," असं काहीतरी पुटपुटून मास्तर निघून गेले.

त्याच आठवड्यात सराव परीक्षेचा निकाल लागला. मास्तर नापास. थोडक्यात नव्हे, चांगले दणकून. वर्गातली एक चणीने लहान, बोलायला भराभर मुलगी, सगळे तिला चिमणी म्हणत, ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती. आणि तिने जाड ग्रंथाची पानं अजून उलटूनही पाहिली नव्हती. मास्तर घरी आले, बूट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शाळा सोडली, हे चुकलंच बहुतेक."

बायकोने काही समजूत घातली नाही. तिने नणंदेला फोन केला.

रविवारी सकाळी धाकटी आली. आल्या आल्या तिने टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" मग मास्तरांची उत्तरपत्रिका मागून घेतली, वाचली नाही, तशीच त्यांच्यापुढे ठेवली. शेजारी बरोबर उत्तरांचा कागद ठेवला. पिशवीतून एक लाल पेन काढलं.

"हा पेपर तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा आहे असं समज. त्याचे आईबाप बाहेर बसलेत. त्यांना काय सांगशील? मी चहा करते तोवर बघून ठेव."

मास्तरांना आधी राग आला. मग सवयीने पेनचं टोपण निघालं. पहिल्या काही चुकांवर ते नुसत्या फुल्या मारत गेले. थोड्या वेळाने फुल्यांशेजारी अक्षरं उमटू लागली. जे अजिबात वाचलं नव्हतं, तिथे "न". जे वाचलं होतं पण आठवलं नाही, तिथे "आ". आणि जे नीट येत होतं, पण प्रश्नाची शेवटची ओळ न वाचता भलतंच उत्तर दिलं होतं, तिथे "घ", म्हणजे घाई. रुग्ण धापा टाकत असताना आता आधी काय कराल, असं विचारलं होतं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी करायची सगळ्यात भारी तपासणी लिहिली होती. प्राणवायू द्यायचा राहूनच गेला होता.

चहा आला तेव्हा ते पेपराकडे टक लावून बसले होते.

"काय सांगणार आईबापांना?" धाकटीने विचारलं.

"मुलगा हुशार आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "न वाचलेलं फारसं काही नाही. पण नुसता वाचतो, सोडवत नाही. एकच गोष्ट चार तोंडांनी ऐकतो, त्यामुळे एकही डोक्यात बसत नाही. आणि प्रश्न पुरा वाचत नाही." मग पेनला टोपण लावत म्हणाले, "असल्या मुलाची पुस्तकं मी काढून घेतली असती."

"मग घेऊ काढून?"

इथवर गाडी बरी चालली होती. पण धाकटीने जाड ग्रंथाला हात घातला मात्र, आणि मास्तर उसळले. "तो नाही. बारक्या पुस्तकात काय आहे? 'अमुक असेल तर तमुक द्या.' का द्यायचं, ते कोण सांगणार?"

"परीक्षेत कुणी 'का' विचारत नाही, दादा."

"रुग्ण विचारतो."

"रुग्णापर्यंत पोचायला आधी पास व्हावं लागतं!"

बहीणभाऊ चांगले जुंपले. बायकोने मध्ये पडून चहाचे कप तेवढे उचलून नेले, फुटायला नकोत म्हणून. शेवटी धाकटी म्हणाली, "बरं, ठेव. पण दिवसाला एकच रुग्ण त्यात वाचायचा. विषय नाही, रुग्ण. ज्याला सकाळी हात लावला, तोच. आणि आधी त्याच्याजवळ बसायचं, मग ग्रंथाजवळ."

मास्तरांना ते पटलं. बाकीच्या निवडीला मग फार वेळ लागला नाही. प्रश्नसंच एकच ठेवला. ज्यात प्रत्येक उत्तर का बरोबर आणि इतर पर्याय का चूक, हे नीट समजावलं होतं, तो. झरझर चाळायला बारकं पुस्तक ठेवलं. व्हिडिओ फक्त डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टींसाठी. सीनियर मुलांची कार्डं परत गेली. दुसऱ्याच्या चुका पाठ करून काय उपयोग? मास्तर आपल्या चुकांची कार्डं स्वतः लिहू लागले. झेरॉक्सचा गठ्ठा देताना मात्र जीव वरखाली झाला. तो त्यांनी पिशवीतून दोनदा बाहेर काढला, आणि बायकोने दोनदा परत आत ठेवला.

सुरुवातीला हात रिकामे वाटायचे. वर्गात कुणी नवं पुस्तक दाखवलं की मास्तरांना वाटायचं, नेमकं आपल्याकडे नाही तेच आलं तर? अशा वेळी ते प्रश्नसंच उघडून बसायचे. पहाटे, घर उठायच्या आधी, ठरलेले प्रश्न. आधी घड्याळ न लावता, मग लावून. प्रत्येक चुकीपुढे तेच "न", "आ", "घ". "घ" कमी व्हायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

कॅन्टीनमध्ये चिमणी त्यांच्यासमोर येऊन बसू लागली. तिचा वेग भारी, पण विजेच्या आलेखातल्या, म्हणजे ईसीजीतल्या, रेघा तिने नुसत्या पाठ केल्या होत्या. मास्तरांनी तिला तीच रेघ टेबलावर बोटाने काढून वीज हृदयातून कशी वाहते ते सांगितलं. बदल्यात ती त्यांच्यासमोर प्रश्न धरायची आणि म्हणायची, "मास्तर, शेवटची ओळ आधी वाचा. आधी! डोळे वर कशाला जातात तुमचे?" वर्गावर आयुष्य काढलेल्या माणसाला कुणीतरी दटावतंय, याची मास्तरांना गंमत वाटायची.

वॉर्डातही फरक पडला. ते खाटेशेजारी स्टूल ओढून बसू लागले. एक म्हातारे घड्याळजी दाखल झाले होते. अंगातलं मीठ उतरलेलं, बोलणं भरकटलेलं, मास्तरांना ते सारखं "दुकान उघडलंस का?" विचारत. मास्तरांनी त्यांच्या सुनेला घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या, संध्याकाळी ग्रंथात तेवढंच वाचलं, आणि सकाळी धावतच धाकटीकडे गेले. "मॅडम, रक्तदाबासाठी यांना हल्लीच एक नवी गोळी सुरू केली होती. मला वाटतं, मीठ तिच्यामुळेच उतरलंय!"

"हो," ती सह्या करता करता म्हणाली, "ती मी दाखल केलं तेव्हाच बंद केलीय."

"म्हणजे बरोबर निघालं!"

धाकटीने मान वर केली. भावाचा चेहरा दिवाळखोरीतून सुटल्यासारखा उजळला होता. तिला हसू आवरेना. "उशिरा," ती म्हणाली, "पण बरोबर."

चार दिवसांनी घड्याळजी शुद्धीवर येऊन मास्तरांना "आपण कोण?" म्हणून विचारू लागले. मास्तरांनी आपली ओळख पहिल्यापासून करून दिली.

परवान्याची परीक्षा दोन दिवस चालली. पहिल्याच तासात मास्तरांना असे प्रश्न दिसले, जे ना ग्रंथात होते, ना बारक्या पुस्तकात. पूर्वी न आणलेल्या पुस्तकांची नावं डोळ्यांपुढे नाचली असती. आता ते शेवटची ओळ वाचत, रुग्णाला समोर बसवत, आणि विचारत, याच्यासाठी आत्ता काय? काही उत्तरं आली. काही आली नाहीत. न आलेल्यांपाशी ते रेंगाळले नाहीत. बाहेर चिमणीने लगेच उत्तरं ताडून बघायला सुरुवात केली, तेव्हा ते कानांवर हात ठेवून सरळ बसस्टॉपकडे चालू लागले.

निकाल आला तेव्हा ते एका आजोबांचं रक्त घेत होते. खिशात फोन थरथरत राहिला. शीर बारीक होती, पहिल्यांदा चुकली होती, त्यामुळे मास्तरांनी फोनकडे लक्ष दिलं नाही. सुई काढली, कापूस दाबला, आजोबांना हात दुमडून धरायला सांगितला, नळीवर नाव लिहिलं. मग पाहिलं. पास. मार्क मधले. पहिल्या रांगेचे नाहीत, काठावरचेही नाहीत. खाली धाकटीचा निरोप होता: "अभिनंदन, डॉक्टर. आता माझ्याशी वाद घालायचा परवानाही मिळाला तुला."

आज मास्तर एका साध्या दवाखान्यात सामान्य डॉक्टर आहेत. नाव झालेलं नाही, पण बाहेरचं बाकडं सहसा रिकामं नसतं. गर्दी असली तरी पटापट उरकणं त्यांना जमत नाही. मदतनीस बाई चिडतात, लोक थांबतात. दाराशी आलेला माणूस आत येऊन बसेपर्यंत ते त्याची चाल बघतात, मग विचारतात, "झोप लागली का काल?" आणि उत्तर येईपर्यंत पेन उचलत नाहीत.