गावाचा रकाना

जिभाऊंइतका लवकर थकणारा माणूस मी पाहिला नाही. गावाबाहेर निघून मैल झाला नाही तोच ते बाभळीखाली थांबत, धोतराच्या सोग्याने मान पुसत आणि म्हणत, "थकनू रे भो. बस." मग आम्ही बसायचो. आम्ही म्हणजे तिघे: मराठी शाळेतून निवृत्त झालेले जिभाऊ, कापडवाले झुंबरशेठ आणि सुट्टीत पुण्याहून आलेला मी. दर रविवारी आम्ही पक्षी बघायला तापीकडे जायचो. गावात आम्हाला 'पाखरू मंडळ' म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. वेशीवर कुणीतरी हटकून विचारायचे, "का जिभाऊ, आज कितल्या अंडी दिन्यात?"

झुंबरशेठ वैतागायचे. "जिभाऊ, बसानंच शे तं मन्हं दुकान काय वाईट शे?"

पण त्या बसण्यातच जिभाऊंची विद्या होती, हे मला फार उशिरा कळले. आम्ही गप्प झालो की पाव घटकेत बाभूळ बोलू लागे. आधी सुगरणी, मग खालच्या पाचोळ्यात साळुंक्या. "पाखरूना मांगे पयीसन ते दिसत नही," जिभाऊ म्हणत. "गप बसानं. मंग ते सोता येस."

दिसले ते लिहायला त्यांच्याकडे शाळेचे एक बाद झालेले दाखल-रजिस्टर होते. नाव, वय, गाव असे त्याचे छापील रकाने. नावाच्या रकान्यात पक्षी. वयाच्या रकान्यात 'मोठे' किंवा 'पिल्लू'. गावाचा रकाना मात्र पहिल्या पानापासून कोरा. झुंबरशेठ चिडवत, "मास्तर, बिनगावना पोऱ्या शाळाम्हा कसा काय लेतात तुम्ही?"

"पाव्हना कोठे उतरना, हाई चार जनस्ले सांगानं नही," एवढेच जिभाऊ म्हणत.

ते पाहुणे म्हणजे मुख्यतः करकोचे. दिवाळीनंतर ते उत्तरेकडून येत आणि तापीच्या एका वाळूपट्टीवर उतरत. राखी अंग, काळी मान, शेकड्यांनी. काठावरच्या हरभऱ्याचा मालक एक गुजर म्हातारा होता. पीक खाल्ले तरी तो त्यांना हाकलत नसे, कारण जिभाऊंनी त्याचा मुलगा शिकवला होता. ती जागा आम्हा चौघांनाच ठाऊक होती, आणि जिभाऊंना तिची काळजी घरच्यासारखी होती.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलत. कॉलेजात एकदा प्राध्यापक म्हणाले, ठिकाण नसलेली नोंद शास्त्राला निरुपयोगी. मी भीत भीत ते जिभाऊंना सांगितले. "तुन्हं कॉलेज खरं व्हई," ते म्हणाले. "पन बंदूकवालालेबी वाचता येस, भो."

मला वाटले, जुन्या माणसाची भीती. मी कॉलेजच्या वार्षिक अंकात आमच्या मंडळावर लेख लिहिला. शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून वाळूपट्टीचे ठिकाण दिले; कुठल्या आंब्यापासून कुठे वळायचे तेही दिले. आमच्या घरातले ते पहिले छापील नाव. वडिलांना वाचता येत नव्हते; त्यांनी तो अंक हळदकुंकू लावून देवांशेजारी ठेवला. जिभाऊंना मी तो दाखवला नाही. का दाखवला नाही, हे तेव्हा स्वतःलाही विचारले नाही.

नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा पट्टीवर करकोचे नव्हते. वाळूत पिसे होती आणि काडतुसांची लाल नळकांडी. गुजर म्हातारा शेताच्या बांधावर डोके धरून बसला होता. "काल दोन जन उनात, मास्तर," तो म्हणाला. "हातमा छापेल कागद व्हता. त्यामा दखीसन जागा सोधी ऱ्हायंतात."

झुंबरशेठ पिसांवर वहाणा पडू नयेत म्हणून त्या हातात घेऊन उभे राहिले. मी म्हणालो, "जिभाऊ, तो कागद मन्हा शे."

जिभाऊ रागावले नाहीत. ते वाळूवर बसले. आम्हीही बसलो, नेहमीसारखे गप्प. ऊन डोक्यावर आले तरी काही उतरले नाही. एक टिटवी तेवढी लांबून ओरडत राहिली. मग त्यांनी रजिस्टर उघडले. नावाच्या रकान्यात लिहिले, करकोचे. वयाच्या रकान्यात रेघ ओढली. आणि सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात, त्यांनी गावाचा रकाना भरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी त्यांच्याकडे पाहिले.

"आते लिखाले काय हरकत शे?" ते म्हणाले. "तठे आते कोनी नही."

मग धोतराच्या सोग्याने मान पुसली. मी बाभळीची सावली शोधू लागलो, पण ते 'बस' म्हणाले नाहीत. म्हणाले, "थकनू रे भो. चाल, घर चाल." परतीच्या वाटेवर ते एकदाही थांबले नाहीत. ती आमची शेवटची फेरी. पुढच्या शिमग्यात त्यांच्या जाण्याचे पत्र मला पुण्यात मिळाले. झुंबरशेठनी लिहिले होते.

आता मी सुट्टीत एकटाच जातो. बाभळीखाली बसतो, थकलेला असतो म्हणूनही बसतो. पट्टी अजून रिकामी आहे. हा लेख लिहितानाही त्या ठिकाणाचे नाव मी दिलेले नाही. एखाद्या वर्षी कुणी उतरलेच तर.